उजवे कोणाचे? : हृदयातील उजव्या शाखारोधाच्या कारणमीमांसेचा इतिहास

शास्त्राच्या इतिहासात एखादी संज्ञा चुकीची ठरते आणि कालांतराने टाकून दिली जाते, ही गोष्ट नित्याची आहे. परंतु परस्परविरुद्ध अशा दोन संज्ञा एकमेकींच्या जागी बसल्या, सुमारे वीस वर्षे जगभरच्या तज्ज्ञांनी त्या तशाच वापरल्या, आणि मग एके दिवशी दोहोंची अदलाबदल करावी लागली, असे उदाहरण विरळा. ‘उजवा शाखारोध’ आणि ‘डावा शाखारोध’ ह्या हृद्रोगशास्त्रातील संज्ञांचे असे झाले आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. ह्या विषयाकडे तो वळला तो प्रथम संज्ञेच्या कुतूहलाने. परंतु पाहू जाता असे दिसून आले की, येथे संज्ञेचा इतिहास बाजूला ठेवून कारणांचा इतिहास लिहिताच येत नाही. उजवा शाखारोध कशाने होतो, ह्या प्रश्नाचे १९२५ साली दिलेले उत्तर आणि १९३५ साली दिलेले उत्तर ह्यांत जो फरक आहे, त्यातील मोठा भाग नव्या शोधांमुळे पडलेला नसून ‘उजवा’ ह्या शब्दाचा अर्थ बदलल्यामुळे पडलेला आहे.

प्रथम रचना समजून घेतली पाहिजे. हृदयाचा ठोका वरच्या अलिंदांत सुरू होतो आणि खालच्या निलयांपर्यंत एका अरुंद वाटेने पोहोचतो. ह्या वाटेचा मधला भाग विल्हेल्म हिस (धाकटा) ह्याने १८९३ साली लाइपझिग येथे वर्णिला. त्यावरून त्यास ‘हिसचा तंतुपुंज’ म्हणतात. निलयांच्या अंतःपृष्ठालगतचे तंतू त्याहीपूर्वी, १८३९ साली, पुर्किन्ये ह्याने पाहिले होते. पण त्यांचे प्रयोजन त्यास उमगले नव्हते. ह्या दोन तुटक गोष्टी एकाच संस्थेचे भाग आहेत, हे दाखविण्याचे श्रेय सुनाओ तावारा ह्या जपानी संशोधकाचे. १९०३ साली तो मारबुर्ग येथे लुडविग आशोफ ह्यांच्या प्रयोगशाळेत आला आणि १९०६ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अलिंद-निलय गाठीपासून निघालेला पुंज पडद्यापाशी दुभंगतो, त्याची एक शाखा डावीकडे आणि एक उजवीकडे उतरते, आणि दोहोंची परिणती पुर्किन्येच्या तंतूंत होते, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली छेदामागून छेद तपासून सिद्ध केले. ह्या संस्थेला त्याने मूळ, खोड व फांद्या असलेल्या वृक्षाची उपमा दिली. मराठीत आपण ‘शाखा’ म्हणतो ती ह्या वृक्षाची, आणि इंग्रजी ‘ब्रँच’ व फ्रेंच ‘ब्रांश’ हीही त्याच झाडाची. खुद्द जर्मन भाषेत मात्र वृक्ष मागे पडून शरीर पुढे आले. तेथे ह्या शाखांना ‘तावाराच्या मांड्या’ म्हणतात आणि शाखारोधाला ‘मांडीचा रोध’! ‘रोध’ म्हणजे ‘ब्लॉक’ हा शब्द ह्याहूनही जुना. केंब्रिजच्या गॅस्केल ह्याने १८८० नंतरच्या दशकात कासवाच्या हृदयावर प्रयोग करताना तो रूढ केला.

दोन शाखांची ठेवण सारखी नाही, आणि पुढील सर्व कथेचे बीज येथे आहे. डावी शाखा पडद्यावर उतरताच पंख्यासारखी पसरते. उजवी मात्र बारीक, लांब, दोरीसारखी असून पडद्याच्या उजव्या अंगाने जवळजवळ शेवटपर्यंत न फुटता खाली जाते. मग एका स्नायूच्या पट्ट्यातून निलयाची पोकळी ओलांडून समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी पोहोचते. ह्या पट्ट्याचे नाव इंग्रजीत ‘मॉडरेटर बँड’, म्हणजे ‘आवर घालणारा पट्टा’, असे आहे. उजवे निलय प्रमाणाबाहेर फुगू नये म्हणून निसर्गाने हा ताण दिला असावा, अशी कल्पना टी. डब्ल्यू. किंग ह्याने १८३७ साली मांडली होती. त्या कल्पनेला आज फारसे कोणी विचारीत नाही. पट्ट्यातून उजवी शाखा जाते, हे त्याचे खरे महत्त्व. परंतु नाव जे चिकटले ते चिकटलेच. असो.

डावी किंवा उजवी शाखा बंद पडली तर त्या बाजूच्या निलयाला चेतना मिळत नाही असे नाही. ती दुसऱ्या निलयाकडून स्नायूमधून वाट काढीत उशिराने पोहोचते. हा उशीर विद्युत्-हृल्लेखावर, म्हणजे ज्याला आपण सर्वजण कार्डिओग्राम म्हणतो त्यावर, निलयाच्या तरंगाची रुंदी वाढल्याने दिसतो, ०.१२ सेकंद किंवा त्याहून अधिक रुंदी झाली की रोध पूर्ण मानतात. हे साधन विलेम आइनथोव्हेन ह्याने लायडन येथे विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सिद्ध केले. तावाराच्या ग्रंथानंतर ते हाताशी असल्यामुळे, शाखा तोडली तर आलेख कसा दिसेल, हा प्रश्न कोणाच्याही मनात येण्याजोगा होता. व्हिएन्नात हान्स एपिंगर आणि युलिउस रोथबर्गर ह्यांनी कुत्र्यांवर तो प्रयोग केला आणि १९१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उजवी शाखा कापली की एका घाटाचा आलेख, डावी कापली की त्याच्या उलट घाटाचा. त्याच वर्षी एपिंगर आणि श्टेर्क ह्यांनी मानवी रुग्णांत तसेच आलेख आढळल्याचे नोंदविले. पुढे लंडनच्या टॉमस लुइस ह्याच्या प्रतिष्ठेचा पाठिंबा ह्या वर्गीकरणास मिळाला, आणि १९१४ च्या सुमारास ते पाठ्यपुस्तकांत स्थिर झाले.

प्रयोग निर्दोष होता. चूक झाली ती अनुवादात. कुत्र्याच्या आलेखाचा अर्थ माणसाच्या आलेखावर शब्दशः उतरविण्यात आला. कुत्र्याची छाती अरुंद व खोल. तिच्यात हृदय ज्या रीतीने लोंबते त्या रीतीने ते माणसाच्या छातीत नसते. हातापायांवर पट्ट्या बांधून घेतलेल्या आलेखांत तरंगाची दिशा हृदयाच्या ठेवणीवर अवलंबून असते. सबब कुत्र्यात ‘उजवी तुटली’ असे सांगणारा घाट माणसात ‘डावी तुटली’ असे सांगत होता. भाषांतरकार ज्याला फसवा मित्र म्हणतात, म्हणजे दोन भाषांत रूप एकच पण अर्थ भिन्न असा शब्द, तशातला हा प्रकार. आपल्याकडे ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत वाचताना नवखा मराठी विद्यार्थी जसा दचकतो, तसे दचकण्याची संधी मात्र येथे कोणाला मिळाली नाही. कारण आलेख कधी बोलत नाही, आणि रुग्णाच्या हृदयात डोकावून पाहण्याची सोय नव्हती.

ही चूक टिकली कशी? एक कारण असे की, ती पटण्यासारखी होती. पहिल्या जोडणीत मुख्य तरंग वर गेलेला, असा रुंद आलेख रुग्णालयांत वारंवार आढळे. त्याच्या उलट घाटाचा क्वचित. वारंवार आढळणाऱ्यास ‘उजवा’ म्हटले गेले होते. उजवी शाखा बारीक, लांब, एकाच दोरीची, म्हणून ती सहज तुटत असणार. डावी पसरट, म्हणून तिला बाध येणे अवघड. शरीररचना, प्रयोग आणि रुग्णसंख्या अशी तिन्ही अंगे येथे जुळत होती. ज्यांना संशोधनाचा अनुभव आहे त्यांना ठाऊक आहे की, असा जुळलेला मेळ मोडण्यास एक-दोन शवविच्छेदने पुरत नाहीत.

तरीही शंका घेणारे निघाले. १९२० साली जॉर्ज फार ह्याने मानवी निलयांत चेतना कशी पसरते ह्याचे विश्लेषण करून, रूढ नावे उलटी असली पाहिजेत असे प्रतिपादन केले. त्याचा युक्तिवाद आज वाचला तर बिनतोड वाटतो. परंतु तो युक्तिवाद होता, पुरावा नव्हता. आणि समोर लुइससारखा अधिकारी पुरुष होता. दशकभर कोणी फारसे हलले नाही.

पुरावा आला तो १९३० साली, अमेरिकेतील ॲन आर्बर येथून. बार्कर, मॅक्लाउड आणि शल्यविशारद अलेक्झांडर ह्यांना शस्त्रक्रियेच्या निमित्ताने उघडे पडलेले एक जिवंत मानवी हृदय अभ्यासता आले. त्यांनी उजव्या व डाव्या निलयाच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या ठिकाणी विद्युत्-स्पर्श करून कृत्रिम ठोके उत्पन्न केले आणि प्रत्येकाचा आलेख घेतला. तर्क साधा आहे. उजव्या निलयावर उत्पन्न केलेला ठोका उजवीकडून डावीकडे जातो, म्हणजे डावे निलय मागे राहते. सबब त्याचा आलेख डाव्या शाखारोधासारखा दिसला पाहिजे. प्रत्यक्षात तो दिसला तोपर्यंत ‘उजवा शाखारोध’ म्हणविल्या जाणाऱ्या आलेखासारखा. नावे उलटी होती. १९३२ साली फ्रँक विल्सन ह्याने मॅक्लाउड व बार्कर ह्यांच्यासमवेत मानवी शाखारोधातील चेतनेच्या क्रमाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध करून उरलासुरला संशय फेडला. येथे नमूद करण्यासारखी गोष्ट ही की, विल्सन पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वतः लुइसच्या हाताखाली काम करून आला होता आणि १९२० मधील आपल्या लेखनात त्यानेही जुनीच नावे वापरली होती. गुरूचे मत आणि स्वतःचा छापील शब्द, दोन्ही खोडणे त्याला प्राप्त झाले आणि त्याने ते खोडले.

विल्सनची पुढची कामगिरी उजव्या शाखारोधाच्या दृष्टीने अधिक मोलाची. हातापायांऐवजी थेट छातीवर, हृदयाच्या सन्निध, विद्युदग्र ठेवून आलेख घेण्याची पद्धत त्याने शास्त्रीय पायावर आणली; १९३८ साली अमेरिका व ब्रिटन येथील हृद्रोगतज्ज्ञांच्या संस्थांनी ह्या जोडण्यांच्या जागा एकमताने ठरविल्या. उरोस्थीच्या उजव्या कडेला ठेवलेले विद्युदग्र उजव्या निलयाच्या अगदी समोर येते, आणि ते निलय उशिरा जागे झाले तर तेथे दुसरे, उशिराचे शिखर उमटते. सशाच्या कानांसारखी ही दोन टोके आज वैद्यकाचा कोणताही विद्यार्थी ओळखतो. पहिल्या जोडणीत केवळ रुंद, अधोमुख शेवट असलेला आलेख हाही उजवाच शाखारोध होय, हे विल्सनने १९३४ साली दाखविले. तोपर्यंत अशा आलेखांना निश्चित घर नव्हते.

मधल्या काळात जो घोटाळा झाला त्याची कल्पना तत्कालीन नियतकालिके चाळली म्हणजे येते. लेखक ‘उजवा शाखारोध’ असे लिहून पुढे ‘नवी परिभाषा’ किंवा ‘जुनी परिभाषा’ असा खुलासा जोडीत. ज्यांनी खुलासा जोडला नाही त्यांच्या लेखाचे वर्ष पाहावे लागते, आणि १९३० ते १९३५ मधले वर्ष असेल तर आलेखाचे चित्रच. आमच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कारण ऐतिहासिक आकडेवारी गोळा करणारा अभ्यासक १९२८ चा ‘उजवा’ आणि १९३८ चा ‘उजवा’ एकाच रकान्यात मांडील, तर त्याच्या बेरजेला काही अर्थ उरणार नाही.

आता कारणांकडे. जुन्या साहित्यात उजव्या शाखारोधाची कारणे म्हणून रक्तदाबाचा विकार, हृद्‌रोहिणीचा विकार, महारोहिणीच्या झडपेचा दोष अशी यादी येते, आणि रुग्णाचे भवितव्य वाईट असे सांगितले जाते. नावे उलटी केली की ही यादी जशीच्या तशी डाव्या शाखारोधाकडे जाते, आणि तेथे ती शोभतेही, कारण ह्या सर्व विकारांचा भार डाव्या निलयावर पडतो. मग उजव्याकडे उरले काय? १९३५ साली वुड, जेफर्स आणि वोल्फर्थ ह्यांनी नव्या अर्थाने उजवा शाखारोध असलेल्या ६४ रुग्णांचा मागोवा घेऊन प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील बऱ्याच जणांची प्रकृती अपेक्षेहून चांगली आढळली. उजवा शाखारोध निरोगी माणसातही असू शकतो, हा विचार येथून रुजला. एका अर्थी रुग्णांच्या एका संपूर्ण वर्गाची शिक्षा केवळ नाव दुरुस्त झाल्याने कमी झाली, आणि दुसऱ्या वर्गाची वाढली.

त्यानंतरच्या संशोधनाने उजव्या शाखेला स्वतःची अशी कारणे मिळवून दिली. फुप्फुसांकडील रक्तमार्गात अडथळा आला की उजव्या निलयावर एकाएकी ताण येतो. फुप्फुसात गुठळी अडकली असता हा रोध काही तासांत उत्पन्न होऊन पुन्हा नाहीसा झाल्याची उदाहरणे आहेत. अलिंदांमधील पडद्यास जन्मतः छिद्र असल्यास उजव्या निलयात अधिक रक्त येते, ते ताणले जाते, आणि आलेखावर अपूर्ण शाखारोधाचा घाट दिसतो. तेथे दोष तारेत नसून ताणलेल्या भिंतीत असतो. म्हणजे ‘शाखारोध’ हे नाव आलेखाच्या घाटाचे आहे, शाखेच्या दुखण्याचे असेलच असे नाही. हा भेद पुढे पुन्हा महत्त्वाचा ठरणार आहे.

१९६४ साली पॅरिसच्या झाँ लनेग्र ह्याने आणि शिकागोच्या मॉरिस लेव्ह ह्याने, स्वतंत्रपणे, वाहक तंतूंच्या झिजेचे वर्णन केले. लनेग्रच्या रुग्णांत तंतूच आतून झिजून त्यांच्या जागी निबर ऊतक आलेले होते. लेव्हच्या मते हृदयाच्या सांगाड्यातील वार्धक्याचे काठिण्य शेजारच्या पुंजावर चढत जाते. वयाचा हा हात लोकसंख्येतही दिसतो. १९१३ साली जन्मलेल्या ८५५ स्वीडिश पुरुषांचा गोथेनबर्ग येथे पन्नाशीपासून ऐंशीपर्यंत पाठपुरावा करण्यात आला. त्यांत दोन्ही प्रकारचे मिळून शाखारोधाचे प्रमाण पन्नासाव्या वर्षी १ टक्का होते, ते ऐंशीव्या वर्षी १७ टक्के झाले. हा अहवाल १९९८ चा.

दक्षिण अमेरिकेत कारण निराळेच निघाले. कार्लोस शागस ह्याने १९०९ साली ब्राझीलमध्ये शोधलेला परोपजीवी रोग हृदयाच्या स्नायूत वर्षानुवर्षे ठाण मांडतो, आणि उजवा शाखारोध, त्याच्या जोडीला डाव्या शाखेच्या पुढील फाट्याचा रोध, ही त्याची ठळक खूण होय. ब्वेनोस आयरेसच्या मौरिसिओ रोसेनबाउम ह्याने १९६० नंतरच्या दशकात डाव्या शाखेचे दोन फाटे मानून ‘अर्धरोध’ ही कल्पना मांडली, तिला ह्या रुग्णांचा मोठा आधार होता.

काही कारणे माणसाच्या हातची आहेत, आणि मला ती सर्वांत उद्बोधक वाटतात. १९५४ साली मिनिआपोलिस येथे लिलिहाय ह्याने फॅलोच्या चतुर्दोषाची पहिली संपूर्ण दुरुस्ती केली. तेव्हापासून उजव्या निलयाची भिंत छेदून बऱ्या केलेल्या मुलांच्या आलेखावर उजवा शाखारोध हा जवळजवळ शस्त्रक्रियेच्या व्रणासारखा आढळू लागला. नीलेतून उजव्या हृदयात नेलेली नळी पडद्यावर नुसती घासली तरी हा रोध क्षणभर होतो, इतकी ही शाखा पृष्ठभागालगत आहे. आणि डावी शाखा आधीच बंद असेल तर हा क्षण रुग्णाला महाग पडू शकतो. १९९५ साली उलरिख सिगवार्ट ह्याने पडद्याच्या फाजील जाड झालेल्या स्नायूवर नवा उपाय सांगितला: त्याला रक्त पुरविणाऱ्या लहान धमनीत अल्कोहोल सोडून तेवढा भाग मारायचा. ह्या उपायानंतर अनेक रुग्णांत उजवा शाखारोध उत्पन्न होतो, कारण उजव्या शाखेचे पोषण मुख्यतः त्याच धमन्यांवर आहे. तेच काम शल्यकाराने डाव्या बाजूने सुरी चालवून केले, तर बहुधा डावा शाखारोध होतो. एपिंगर आणि रोथबर्गर ह्यांनी कुत्र्यांत जे केले ते अशा रीतीने माणसात, उपचाराच्या ओघात, पुन्हा घडले. आणि ह्या वेळी कोणती बाजू दुखावली हे आधीच ठाऊक असल्याने अनुवादाची गरज पडली नाही.

नावाची कटकट मात्र संपलेली नाही. १९९२ साली पेद्रो व जोसेप ब्रुगादा ह्या बंधूंनी आठ रुग्णांवरून अकस्मात मृत्यूचा एक नवा लक्षणसमूह वर्णिला, तेव्हा शीर्षकातच ‘उजवा शाखारोध’ हे शब्द होते. सोडियमच्या मार्गाशी निगडित असलेला त्याचा एक जनुकीय दोष १९९८ साली सापडला. पुढे असे ठरले की, त्यांतील बहुतेकांत खरा शाखारोध नसून केवळ तसा भास होतो; आणि व्याख्येतून तो शब्द काढण्यात आला. शिवाय ‘उजवे निलय’ हे नावच कितपत खरे? जिवंत, उभ्या माणसात ते प्रामुख्याने पुढे असते आणि डावे मागे. शरीररचनाकारांनी हृदय बाहेर काढून, टोकावर उभे करून, ही नावे ठेवली. गणपतीची सोंड उजवी कोणती म्हणावी, पाहणाऱ्याच्या उजवीकडची की देवाच्या, हा प्रश्न आपल्याकडे घराघरांत विचारला जातो आणि देवाच्या बाजूने सोडविला जातो. वैद्यकानेही रुग्णाची बाजू घेतली आहे; पण तो रुग्ण मेजावर ठेवलेला आहे.

शेवटी एक खासगी बाब, केवळ विषयाशी संबंध आहे म्हणून. गतवर्षी एका किरकोळ शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेल्या माझ्या आलेखावर हे सशाचे कान निघाले. कोपनहेगन येथे अठरा हजारांहून अधिक नागरिकांच्या पाहणीत, जी २०१३ साली प्रसिद्ध झाली, पूर्ण उजवा शाखारोध पुरुषांत १.४ टक्के आणि स्त्रियांत ०.५ टक्के आढळला होता. आणि तो अगदीच निरुपद्रवी मानू नये, मृत्यूचे प्रमाण त्यात काहीसे अधिक असते, असे त्या संशोधकांनी म्हटले आहे. अपूर्ण रोधात मात्र तसे आढळले नाही. माझा पूर्ण आहे. प्रतिध्वनी-चित्र काढले, पडदे शाबूत निघाले, फुप्फुसांचा दाब योग्य भरला. डॉक्टरांनी कागदावर रोधाचे नाव लिहिले आणि पुढे कारणाच्या जागी एक आडवी रेघ ओढली. रेघेचा अर्थ विचारला तेव्हा ते म्हणाले, “दरवर्षी एक आलेख काढत जा, आणि आधीचे जपून ठेवा. पुढे काही बदललं, तर ताडून पाहायला जुना कागद हाताशी हवा.”